बारा खटके

तीन दिवस पाऊस थांबला नव्हता आणि बोरवंड गावात सगळ्यात जास्त वैताग आला होता तो मोतीराम बोडख्याला, कारण त्याला काहीच काम नव्हतं. मागच्या साली खुब्याचं हाड मोडल्यापासून तो ओसरीवरच्या खाटेवर असायचा आणि तिथून साऱ्या घराला अक्कल शिकवायचा. शनिवारी सकाळी शेखरचा, म्हणजे त्याच्या पोराचा फोन आला तेव्हाही तो खाटेवर उठून बसला.

फोन त्याच्या बायकोने, सोजराबाईने घेतला. पलीकडून शेखर ओरडत होता. "माय, पूल गेला वं. मी सोनाळ्यातच हाये. डिझेलच्या कॅन गाडीतच पडून हायेत. माह्या फोनचं चार्जिंगबी सरत आलं. तू जनरेटर पाह्यजो." एवढं बोलून फोन बंद पडला.

"काय म्हने पोरगं?" मोतीरामने विचारलं.

"पूल गेला म्हने."

"मी तं सांगतलंच होतं."

"काय सांगतलं होतं तुमी?"

"पानी येते म्हून."

"आखाडात पानी येते, हे सांगाले गावात तुमचीच कमी होती," सोजराबाई म्हणाली आणि डोक्यावर पोत्याची घोंगशी घेऊन वावराच्या वाटेला लागली.

वावर घरामागेच होतं. दीड एकर वांगं, थोडी मिरची, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, दोडक्याचा मांडव. वावराच्या वरच्या अंगाला मुरमाड उंचवटा होता, तिथे काही पिकत नव्हतं, म्हणून नऊ वर्षांपूर्वी तिथे मोबाइलचा टॉवर उभा राहिला. टॉवर राखायची नोकरी शेखरला मिळाली. पण शेखर भाजीची गाडी घेऊन बाजार करायचा, तेव्हा राखण पडली मायकडे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, शाळा तिसरीपर्यंत. पण निंदता निंदता तिचा एक कान टॉवरकडे असे. लाइन गेली की जनरेटर आपोआप धडधडला पाहिजे, नाही धडधडला तर ती खुरपं ठेवून जाई आणि त्याला हाताने उठवी. आवाजावरून ती त्याचं दुखणं ओळखी. "आज याचा घसा बसला," असं तिने म्हटलं की शेखर फिल्टर उघडून पाही आणि त्यात कचरा निघेच.

त्या दिवशी घसा ठीक होता. लाइन शुक्रवारीच गेली होती, खांब वाकून नाल्यात पडले होते, आणि जनरेटर रात्रभर चालला होता. तिने टाकीत सळई बुडवली आणि बाहेर काढून बोटं लावली. सात बोटं डिझेल. सगळं चालू ठेवलं तर एक बोट दोन तास पुरतं, हा तिचा नऊ वर्षांचा हिशेब. म्हणजे मध्यरात्रीच्या आत टाकी कोरडी, आणि पुढे बॅटऱ्यांवर तीन तास.

या एकाच टॉवरवर तीन कंपन्यांची यंत्रं होती. गावाने त्यांना आपली नावं दिली होती, मोठी, मधली आणि जुनी. मोठीवर गावातले पंधरा आणे लोक, पोरांचं सारं इंटरनेट तिच्यावर. मधलीवर उरलेले. जुनीचा डब्बा मात्र म्हाताऱ्या बैलासारखा कोपऱ्यात पडून असायचा. त्यावर इंटरनेट नाही, नुसतं बोलणं. खायलाही कमी लागायचं त्याला. एक गुण मात्र त्याचाच होता, तो लांब पोचायचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये दुसरा कोणताच फोन लागत नसे. सोजराबाईकडे बटनाचा फोन होता, त्यात जुनीचंच कार्ड होतं.

तो फोन तिच्या कंबरेच्या पिशवीत वाजला.

"मावशी, मी छकुली बोलून राह्यली. सालईवाडीची."

छकुली वाडीवर आशाताई होती. दर बाजाराला सोजराबाईकडूनच वांगी न्यायची आणि भाव पाडायला तासभर भांडायची. आज तिचा आवाज बारीक झाला होता.

"मावशी, वाडीले दोन्हीकून पानी लागलं. आमी सतरा जन शाळेच्या गच्चीवर चढून बसलो. भागीले आठवा महिना हाये, तिचं पोट दुखून राह्यलं. तहसीलच्या मॅडमले फोन लागला. उद्या दुपारपर्यंत बोट धाडतो म्हने. तोपर्यंत घंट्या-घंट्याले फोन करून पानी किती चढलं ते सांग म्हने, बोट कोनत्या बाजूनं आनाची ते त्याइले ठरवाचं हाये. माह्या फोनमंधी चार्जिंगच्या दोन कांड्या उरल्या. घंट्याले एकदाच चालू करून राह्यली. मावशी, तुमचा टॉवर बंद नका पडू देजा."

"नाई पडत," सोजराबाई म्हणाली. "मॅडमशी बोलनं झालं का मलेबी एक मिसकॉल देत जाय. म्हंजे मले समजन."

फोन ठेवला आणि मग तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. सात बोटं डिझेल, आणि बोट येणार उद्या दुपारी.

घरी आली तेव्हा तिची सून सुचिता हातात मोठीचा फोन धरून दारात उभी होती. "आत्याबाई, खामगाववरून सुपरवायझर बोलून राह्यले."

हरिओम सुपरवायझर तीस गावांचे टॉवर पाहायचा. सोजराबाईने त्याला सारं सांगितलं, वाडी, गच्ची, भागी.

"काकू, तुमी काहीच करू नका," हरिओम म्हणाला. "सारं आपोआप हाये. बॅटरी उतराले लागली का पॅनेल स्वतःच एकेकाले बंद करते."

"पयले कोनाले?"

"जुनीले. तिचे गिऱ्हाईक किती, मोजून पन्नास. मंग मधली. मोठी शेवटपर्यंत चालते."

"हे कोनी ठरवलं?"

"वरून ठरते, काकू."

"वाडीतले लोकबी वरच हायेत बावा, शाळेच्या गच्चीवर. त्याइले कोनी विचारलं काय?"

पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर कोणी होतं. "मी हापिसात कळवतो. पन आज शनिवार. सोमवारी उत्तर येईन. तोपर्यंत पॅनेलले हात लावू नका. त्याले सील हाये. सील तुटलेलं दिसलं तं शेखरची नोकरी जाते, मी काही करू शकनार नाई."

फोन ठेवून सोजराबाई चुलीपुढे बसली. सुचिताने तिच्यापुढे चहा ठेवला. तो तिने घेतला नाही.

"काय करतं?" खाटेवरून मोतीराम म्हणाला. तिच्या तोंडावरून त्याला सगळं समजलं होतं, चाळीस वर्षं झाली होती त्या तोंडाकडे पाहत. "पोराच्या भाकरीवर पाय देतं काय?"

"उन्हाळ्यात हिरीत हातभर पानी राह्यते," सोजराबाई म्हणाली, "तवा आपन बारी कोनाले देतो पयले?"

"रोपाले."

"काऊन? वांग्याचं झाड तं मोठं, त्याले फळ लागलेलं."

मोतीरामला माहीत होतं, बागवानी करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मोठं झाड उन्हाने मान टाकतं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. रोपाने एकदा मान टाकली की टाकली.

"तं मंग," असं म्हणून ती उठली, कोपऱ्यातला विळा घेतला आणि निघाली. मागून सुचिता डोक्यावर पदर घेऊन धावली.

टॉवरच्या केबिनमध्ये पाऊल ठेवण्याआधी सोजराबाईने चप्पल बाहेर काढली. ती नेहमीच काढायची. पॅनेलचं झाकण तारेने बांधून त्यावर शिशाची गोळी दाबलेली होती. तिने विळ्याचं टोक तारेखाली घातलं आणि ओढलं. तार तुटली. तिने झाकण उघडलं.

आत एका ओळीत बारा खटके होते. प्रत्येकाखाली छापील चिट्टी होती. म्हणजे असायला हवी होती. नऊ दसऱ्यांना सोजराबाईने त्या पॅनेलची पूजा केली होती. घरचं खुरपं, विळा, मोटार, सगळ्यांना हळदकुंकू लावायचं आणि या एवढ्या मोठ्या यंत्राला कोरडं ठेवायचं हे तिच्या मनाला पटत नसे. त्या दिवसापुरतं शेखर झाकण उघडून देई आणि नंतर खामगाववाल्यांकडून नवं सील लावून घेई. तेलात कालवलेल्या कुंकवाचं एकेक बोट तिने दर साली प्रत्येक खटक्याखाली ओढलं होतं, नेमकं चिट्टीवर. आता तिथे लालकाळे थर होते, अक्षर एक दिसत नव्हतं. शेखर दर वर्षी कुरकुरायचा. "माय, लेबलं झाकून राह्यली तू." ती म्हणायची, "लेबलाले काय करतं? देव पाह्यते."

तिने पदराचं ओलं टोक घेऊन एक थर खरवडला. थराबरोबर चिट्टीच निघून हातात आली.

"आत्याबाई, आता?"

"मोठे खटके मोठ्या डब्ब्यांचे असतीन," सोजराबाई म्हणाली. एक खाली केला. मोठीच्या यंत्राचे दिवे विझले. दुसरा, तिसरा, असे एकेक करून ती पुढे गेली, आणि ज्याने जुनीचा दिवा विझला तो तेवढा पुन्हा वर केला. मधलीचे दिवे गेले. एक छोटा खटका उरला होता, कशाचा ते उमगेना. तोही खाली केला. कशाचाच दिवा विझला नाही, जुना डब्बा आपला हिरवा डोळा उघडा ठेवून बसला होता. सोजराबाईने जनरेटर बंद केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने तो लाइन नसताना बंद केला होता, आणि एवढी शांतता झाली की पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला.

"झालं," ती म्हणाली. "बॅटऱ्यांवर हा एकटा रात्र काढीन."

अकरा वाजले. मिसकॉल आला नाही. सव्वा अकरा झाले. तिने स्वतःच छकुलीला लावून पाहिला. फोनवर जुनीच्या सगळ्या कांड्या दिसत होत्या, पण कॉल जात नव्हता. नुसतं टूं टूं.

गच्चीवर पाणी चढलं, की आपण काही तोडलं? तिने जुन्या डब्ब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा तसाच. मग तिला टॉवरवरचे गोल ढोल आठवले. शेखरने एकदा सांगितलं होतं, डब्बा गावाचं ऐकतो, पण पुढच्या टॉवरला सांगतो तो ढोल. प्रत्येक कंपनीचा ढोल वेगळा. तो उपाशी असला तर डब्बा नुसता कान उघडा ठेवून बसलेला मुका.

"जुनीच्या ढोलाचा खटका आपनच पाडला वं," ती म्हणाली.

"मंग एकेक करून वर करू."

"नको. कोनता ढोल कोनाचा ते कसं समजन? अन मोठी उठली तं बॅटऱ्या पिऊन टाकीन." ती दाराबाहेर गेली. टॉवरच्या पायथ्याला वरून उतरलेल्या केबलींचा जुडगा होता, तो भिंतीच्या भोकातून आत शिरत होता. जुनीचा ढोल सगळ्यात खाली, गंजलेला, त्याची केबल ओळखू येत होती, बाकीच्यांपेक्षा बारीक. पण भोकाच्या आत साऱ्या एकात एक गुंतल्या होत्या.

सोजराबाई थोडा वेळ पाहत राहिली. मग हसली. मांडवावर दोडक्याचे वेल असेच गुंततात. रोगट वेल कापायचा असला की कोणतं मूळ त्याचं ते वरून कळत नाही. मग एकीने खाली बुड हलवायचं आणि दुसरीने वर पाहायचं, कोणतं पान हलतं.

"सुचिता, तू आत खटक्यामागच्या तारा धर. मी बाहीरून ओढतो. हातात हालली का सांगजो."

पावसात उभी राहून तिने ती बारीक केबल दोन्ही हातांनी धरली आणि हलकेच ओढली. मुरूम पायाखालून सरकत होता. पाणी मानेतून पाठीवर उतरत होतं.

"हाले काय?"

"नाई."

"आता?"

"नाई, आत्याबाई. थांबा. अजून एक पाह्यतो." मग थोड्या वेळाने, "हालली. हे पाहा, पुन्हा ओढा बरं. हालली."

सुचिता आत त्या तारेवरून बोट फिरवत फिरवत खाली आली. बोट थांबलं ते त्या छोट्या खटक्यावर, जो सोजराबाईने शेवटी पाडला होता. सुचिताने तो वर केला.

बारा वाजायला पाच मिनिटं होती. दोघी केबिनच्या दारात ओल्या लुगड्यांनी बसून राहिल्या, मधे तो बटनाचा फोन ठेवून. बाराला दोन मिनिटं झाली तेव्हा तो एकदा वाजून थांबला. मग पुन्हा वाजला.

"मावशी," छकुली म्हणाली, "अकराचा लागलाच नाई. मॅडम म्हने मले वाटलं तुमी गेल्या. रडून राह्यल्या होत्या."

"आता लागन," सोजराबाई म्हणाली. "माही चुकी झाली होती. पुन्हा होत नाई."

दुपारी दोनच्या सुमाराला गाव आलं. पंचवीस-तीस माणसं छत्र्या, पोती डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून चालत आली आणि वांग्याच्या दोन ओळींचा चिखल करून टॉवरपुढे उभी राहिली. पुढे नीळकंठ गुरुजी होते. गावातल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, आणि अजूनही कुठे उभे राहिले तरी समोर वर्ग आहे असंच बोलणारे.

"सोजराबाई, मोठ्या कंपनीचं नेटवर्क तुम्ही बंद केलं, हे खरं आहे?"

"हाव गुरुजी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"कोनाच्याच नाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "वांगे विकनारी बाई आता कलेक्टर झाली." दोन-चार लोक हसले. हसणाऱ्यांत तिच्या शेजारचे होते, तिच्या हातची भाजी खाल्लेले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती दारातून हलली नाही.

"हे पाहा," गुरुजी म्हणाले, "लोकांची सोयाबीन पाण्याखाली गेली. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत मोबाइलवरून फोटो टाकून कळवलं नाही, तर विमा मिळत नाही. ते इंटरनेटशिवाय होत नाही. तुमच्या हट्टापायी सारं गाव बुडेल."

हे खोटं नव्हतं. सोजराबाईच्याही मिरचीच्या पाच ओळी वाहून गेल्या होत्या. ती विचार करत असतानाच गर्दीतून गोजरबाई पुढे आली, शेजारीण. तिची पोरगी प्रतीक्षा अकोल्याला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती.

"सोजरा, माही पोरगी आज सुटनार होती," ती म्हणाली. "मले काहीच समजून नाई राह्यलं. तुले पोरगी नाई म्हून तुले काय ठाव."

हे सगळ्यात जास्त लागलं. सोजराबाईने कंबरेची पिशवी उघडली, फोन काढून गोजरबाईच्या हातात दिला. "याच्यावरून लाव जावयाले. हा चालू हाये. एक मिनिट बोल, फक्त तीनच्या ठोक्याले परत दे. तुह्या पोरीजवळ डॉक्टर हाये गोजर. तठी एक पोरगी गच्चीवर हाये, आठवा महिना, तिच्याजवळ कोनीच नाई."

मग तिने सतरा लोकांचं सांगितलं. लपवून ठेवलं नाही, वाढवूनही सांगितलं नाही. सळई आणून टाकीत बुडवली आणि गुरुजींपुढे धरली. "पाच बोटं हाये. उद्या दुपारपर्यंत पुरवाचं हाये. आता तुमी शिकलेले हा, तुमीच वाटनी करून द्या."

गुरुजींनी सळईकडे पाहिलं. गोजरबाई बाजूला होऊन फोनवर रडत-हसत होती. नातू झाला होता. सुचिताने मोठीचा फोन उघडून दाखवला. त्यावर लिहिलं होतं, फक्त आपत्कालीन कॉल. "गुरुजी, कोनालेबी काही झालं तं एकशे बारा लावा, तो लागते. कार्ड कोनतंही असो," ती म्हणाली. "शेखरनं सांगतलं होतं मले."

"अन विमा?" मागून आवाज आला.

"पानी शुक्रवारी दुपारी शिरलं," सोजराबाई म्हणाली. "बहात्तर घंटे सोमवारी दुपारी होतात. बारी लावू. आज चार ते पाच मोठी चालू करून देतो. तितक्यात ज्याले जे टाकाचं ते टाका. त्या घंट्यात गानं नाई, पिच्चर नाई, पुराचे फोटो मामाले धाडनं नाई. फक्त विमा. अन उद्या बोट येऊन गेल्यावर उरलं ते सारं डिझेल तुमचं."

बारी, म्हणजे पाळी, हा शब्द गावाला समजला. कॅनॉलच्या पाण्याची बारी, विहिरीच्या वाटणीची बारी, त्यावर पिढ्यान्पिढ्या भांडून सारे शहाणे झाले होते. ज्याची बारी नाही त्याने नाल्याचं तोंड फोडायचं नसतं.

"चार ते पाच," गुरुजी शेवटी म्हणाले. "मी यादी करतो. ज्याच्याकडे फोटो तयार नाही त्यानं आत्ताच वावरात जावं. आणि वांग्यातून चालू नका, धुऱ्यानं जा."

त्या एका तासात बोरवंडच्या अडतीस घरांची नुकसानीची नोंद झाली. गुरुजी केबिनच्या दारात खुर्ची टाकून बसले, एकेकाला पुढे बोलावलं, आणि ऋत्विक नावाच्या एका पोराने हळूच काही दुसरं उघडलं तेव्हा त्याच्या हातातून फोन काढून घेतला, जसं पंधरा वर्षांपूर्वी त्याच्याच काकाच्या हातातली गोटी काढून घेतली होती. पाचला सोजराबाईने खटके खाली केले. कोणी कुरकुरलं नाही.

रविवारी सकाळी पाऊस थांबला. रात्री दोनदा जनरेटर चालवून तिने बॅटऱ्या भरल्या होत्या, आता सळईला दीड बोट लागलं. तिने जनरेटर तीन तास चालवून बॅटऱ्या पुन्हा भरल्या आणि मग टाकी कोरडी झाली. आता जे होतं ते बॅटऱ्यांत. पुन्हा लोक आले, आणखी एक बारी मागायला. या वेळी गुरुजींनीच त्यांना धुऱ्यावरून परत पाठवलं. "बोट येऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "आज आपली बारी नाही."

नऊ, दहा, अकरा. दर तासाला एक मिसकॉल. सोजराबाई खुरपं घेऊन चिखलात पडलेली वांग्याची झाडं उभी करत होती, बुडाशी माती दाबत होती. तासाच्या आधी दोन मिनिटं तिचा हात थांबे. बाराचा आला. एकचा आला. दोनचा आला नाही.

ती केबिनमध्ये गेली. दिवा हिरवा होता, ढोलाचा खटका वर होता. बाहेर येऊन तिने मोतीरामकडे पाहिलं. तो काठी टेकत, एकेक पाऊल टाकत, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा घरापासून वावरापर्यंत आला होता आणि धुऱ्यावर बसून राहिला होता.

"तुयी बाजू चालू हाये काय?" त्याने विचारलं.

"हाये."

"मंग तिची कांडी सरली असन. तू आपली बाजू सांभाळ."

पावणेतीनला फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"नमस्कार, मी तहसीलमधून नीरजा बोलते. छकुलीनं हा नंबर दिला." बाईचा आवाज दमलेला होता. "सतराही जण बोटीतून आले. तिचा फोन बंद पडला, पण एक वाजता तिनं पाणी उत्तरेकडून उतरतंय असं सांगितलं होतं, म्हणून बोट तिकडून घातली. दुसरीकडून घातली असती तर उलटली असती. तुमच्या टॉवरचं कंट्रोल कोण पाहतंय?"

सोजराबाईने हातातल्या चिखलाकडे पाहिलं.

"मीच पाह्यतो," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती वांग्याच्या ओळीत मटकन बसली आणि रडली. दुःखाने नाही. आपल्या हाताने एवढं होऊ शकतं हे तिला ठाऊक नव्हतं, ते आत्ता कळलं. मोतीरामने तिला रडू दिलं. मग आल्यागेल्या प्रत्येकाला तो सांगत सुटला, "सतरा जन. मायी बायको हाये ते."

सोमवारी अकराच्या सुमाराला शेखर आणि हरिओम दुरून फेरा घेऊन ट्रॅक्टरवर आले, डिझेलच्या कॅन घेऊन. शेखर मायच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हरिओम केबिनमध्ये गेला. तुटकं सील पाहिलं, कुंकू पाहिलं, बराच वेळ डोकं खाजवलं. मग दारातल्या गुरुजींच्या खुर्चीवर बसून कागद काढला.

"काकू, तुमी काम मोठं केलं, मले मान्य हाये," तो म्हणाला. "पन सील तुटलं, ते मले लिहा लागते."

"लिही."

"लिहा साहेब, मी तोडलं म्हून," शेखर म्हणाला.

"तू तं सोनाळ्यात होता," सोजराबाई म्हणाली. "खोटं काऊन लिहाचं?"

हरिओमने लिहिलं. लिहून झाल्यावर सुचिताने कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला, कारण सासूने तिच्याकडे तसं पाहिलं होतं. एका स्थानिक महिलेने अनधिकृतपणे सील तोडून दोन कंपन्यांची सेवा बंद केली, असं लिहिलेलं होतं.

"एका महिलेनं म्हंजे कोन?" सोजराबाईने विचारलं. "गावात तीनशे बाया हायेत."

"काकू, नाव नाई लिहिलं ते तुमच्याच भल्यासाठी. नाव आलं तं चौकशी तुमच्यावर येते. शेखरचीबी नोकरी जाऊ शकते."

सोजराबाईने पोराकडे पाहिलं. शेखरने मान हलवली. "नाव लिहू दे माय."

"लिही बावा मंग. अन कशासाठी बंद केली तेबी लिही. जुनी काऊन ठेवली, मोठीले किती वाजता बारी देल्ली, सारं लिही. तुह्या वरच्याइले वाचू दे एकदा. सतरा जन वाडीवर होते हे लिही." ती थांबली. "सतरा नको. भागीच्या पोटातलं धरून अठरा लिही."

हरिओमने पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर तो बराच वेळ लिहीत बसला, मधे मधे विचारत, खटके कोणत्या क्रमाने पाडले, बॅटऱ्या किती तास टिकल्या. ती सांगत गेली आणि तो तसंच उतरवत गेला. लिहून झाल्यावर त्याने बॅगेतून अंगठ्याच्या शाईची डबी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ते ठेव आत," सोजराबाई म्हणाली. तिने हात पदराला पुसले, पेन घेतला, कागद गुडघ्यावर सपाट केला आणि सावकाश, एकही अक्षर न गाळता लिहिलं, सोजराबाई मोतीराम बोडखे.